अण्णांच्या डब्यातली अकरा पेनं: दुरुस्तीच्या नोंदी

9 जून 2024, रविवार

माळ्यावरून अण्णांचा पेनांचा डबा उतरवला. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकण गंजून घट्ट बसलेलं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावं लागलं. आत अकरा पेनं, दोन सुट्या निबा, एक काचेचा ड्रॉपर आणि तळाशी वाळून भेगाळलेला गाळ. जुलै 2021 मध्ये महाडात पूर आला, सावित्रीचं पाणी आमच्या माजघरात चढलं, तेव्हा हा डबा टेबलाच्या खालच्या खणात होता. नंतर कितीतरी दिवस चिखल उपसण्यात गेले. डबा कुणीतरी वरवर पुसून माळ्यावर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

अण्णा कचेरीबाहेर बसून अर्ज, दस्त, मुखत्यारपत्रं लिहायचे. चाळीस वर्षं हाच धंदा. घरात पेनाला हात लावायचा नाही हा एकच कडक नियम होता, बाकी सगळ्याला मोकळीक.

डबा आज काढला तो आईसाठी. ती रोज वहीत जप लिहिते, दोन पानं. गेल्या वर्षभरात तिच्या उजव्या अंगठ्याचं मूळ धरलंय. बॉलपेनाने लिहिताना म्हणते, "दाबल्याशिवाय उमटत नाही रे, आणि दाबलं की कळ पार कोपरापर्यंत जाते." शाईपेनाला दाब लागत नाही. नीट चालणारं शाईपेन नुसतं कागदावर टेकवलं तरी लिहितं, हाताने फक्त वळवायचं. आषाढी एकादशीला, म्हणजे 17 जुलैला, ती नवी वही सुरू करणार आहे. तोपर्यंत या अकरांतलं एक तरी पेन आपल्या वजनावर लिहितं झालं पाहिजे. पाच आठवडे आहेत.

मोजदाद: ड्रॉपरने शाई भरायची काळी इबोनाइटची चार, पैकी तीन चांगली जाड. पार्कर 51 च्या धर्तीची, निब झाकलेली चिनी बनावटीची तीन. शाळेतली साधी प्लॅस्टिकची दोन. एक खटक्याचं, आतली रबरी पिशवी कडक होऊन तुकडे झालेलं. आणि एक पितळी रिफिलचं बॉलपेन, जे अण्णांनी कधी वापरलेलं मला आठवत नाही.

10 जून, सोमवार

टोपणं काढून, सुटेल तिथे निबेचा भाग आणि नळी वेगळी करून सगळी साध्या पाण्यात भिजत घातली. गरम पाणी नाही. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले. तासाभरात पाणी निळं झालं, संध्याकाळपर्यंत जांभळट.

जबरदस्ती करायची नाही हे आधीच ठरवलंय. इबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. जुनं झालं की ठिसूळ होतं, पकडीने पिळलं तर आट्यांपाशी तुकडा पडतो. पाच पेनांचे आटे आज सुटले नाहीत. तशीच पाण्यात ठेवली.

12 जून, बुधवार

पाणी सहाव्यांदा बदललं. दोन गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या आहेत. वाळलेली शाई सुटते, कारण पेनातली शाई म्हणजे मुळात पाण्यात विरघळलेला रंग. पाणी मिळालं की तो परत विरघळतो, तीस वर्षांनी का होईना. गाळ मात्र विरघळत नाही, तो ढकलूनच बाहेर काढावा लागतो. कान धुवायचा रबरी फुगा आणला. निबेच्या मागच्या बाजूला त्याचं तोंड धरून पाणी दाबलं की निबेतून आधी करडी, मग निळी पिचकारी येते.

एका पेनातून काळपट राखाडी कण येतात, पाण्याने आणि साबणाने ढिम्म हलत नाहीत. ही लोहयुक्त शाई असावी. जुनी ब्लू-ब्लॅक दस्ताची शाई अशीच असे: हिरडा-मायफळासारख्या तुरट पदार्थातलं आम्ल आणि हिराकस यांची. कागदावर हवा लागली की ती काळी पडते आणि मग पाण्याने जात नाही, म्हणूनच दस्तांना चालायची. पण पेनात वाळली की तिथेही तेच करते. क जीवनसत्त्वाची गोळी कोमट पाण्यात विरघळवून त्यात त्या पेनाची जीभ ठेवली. हवेने काळ्या झालेल्या लोहाला ते पाणी पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणतं. रात्रीत कण बरेच सैल झाले.

जीभ म्हणजे निबेच्या पोटाखालची काळी दांडी. इंग्रजीत फीड म्हणतात. अण्णा जीभच म्हणायचे, मीही तेच लिहीन.

16 जून, रविवार

आज एकही पेन दुरुस्त केलं नाही. धाकटीला, आणि तिला सांगता सांगता मलाच, शाई उतरते कशी ते नीट समजून घेतलं. ती नववीत आहे. तिचा पहिलाच प्रश्न: "बाबा, निब खाली धरली तर सगळी शाई भदकन पडत का नाही?"

सरबताची पारदर्शक नळी पाण्यात बुडवली, वरच्या टोकावर अंगठा ठेवला आणि उचलली. पाणी नळीत लटकून राहिलं. अंगठा काढला, पाणी पडलं. पेनाची नळी म्हणजे अंगठा ठेवलेली ही सरबताची नळी. वरून बंद आहे म्हणून शाई पडत नाही. पण मग लिहायचं कसं? एक थेंब शाई बाहेर जायची तर तेवढीच हवा आत यायला हवी, आणि तीही त्याच तोंडातून, जिथून शाई बाहेर पडते आहे. म्हणजे एकाच बोळातून एकाने जायचं आणि दुसऱ्याने यायचं.

त्यासाठीच जीभ. भिंगाखाली धरून तिला दाखवली. जिभेच्या पाठीवर एक रुंद खाच आहे आणि त्या खाचेच्या तळाला केसासारख्या दोन बारीक चिरा. शाई त्या चिरांतून चालते, कारण बारीक जागेत द्रव आपोआप ओढला जातो, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसा. रुंद खाच हवेसाठी मोकळी राहते. शाई खाली सरकते, नळीत किंचित पोकळी होते, एक बुडबुडा खाचेतून वर जातो, पोकळी भरते, आणि पुन्हा तेच. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनने 1884 मध्ये पेटंट घेतलं ते अशाच चिरांच्या जिभेचं. त्याआधीही नळीत शाई साठवणारी पेनं होती, पण ती कधी कोरडी पडत, कधी कागदावर डबकं करत.

निबेतली फटही विचार करून केलेली असते. मधल्या भोकापाशी ती जास्त रुंद आणि टोकाकडे अरुंद होत जाते. शाई नेहमी जास्त अरुंद जागेकडे ओढली जाते, म्हणून ती टोकापर्यंत येऊन थांबते. कागद टेकला की कागदाचे तंतू फटीहूनही बारीक, ते तिला पुढे ओढून घेतात. लिहिणं म्हणजे एवढंच. आपण शाई ढकलत नाही, कागद ती पितो. बोरूला मधोमध चीर द्यायचे तीही यासाठीच.

धाकटीने विचारलं की फट किती बारीक लागते. दशांश मिलिमीटरच्या फटीत स्वच्छ पाणी दहा सेंटिमीटरच्याही वर चढून टिकू शकतं. पेनातला शाईचा खांब त्याहून आखूड असतो. म्हणून फट हवी तेवढीच असेल तर शाई धरून ठेवली जाते; फट फाकली की धरवत नाही.

आता माझ्या वहीत पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: पेन अडलं तर आधी हवेचं बघ.

19 जून, बुधवार

चिनी पेनं. यांच्या आत पारदर्शक पिशवी असते, ती धातूच्या पट्टीने चार-पाच वेळा दाबायची की पेन भरतं. तिन्ही अर्धीच भरत होती. पिशव्या शाबूत आहेत, भोक नाही. पिशवीच्या आत केसाएवढ्या भोकाची एक बारीक नळी वरपर्यंत जाते. दाबलं की हवा त्या नळीतून बाहेर जाते, सोडलं की शाई आत येते, आणि दर वेळी पातळी थोडी वर चढते. नळी तुंबली तर पहिल्या दाबानंतर पुढे काहीच चढत नाही. तिघांच्याही नळ्या गाळाने बंद होत्या. गिटारची सर्वांत बारीक तार घालून मोकळ्या केल्या, मग फुग्याने पाणी मारलं.

दोन पूर्ण भरली आणि लिहायला लागली. तिसऱ्याची नळी मधोमध तडकली आहे. बारीक पेनं आहेत ही, आईच्या अंगठ्याला चालणार नाहीत. धाकटीने एक उचललं.

23 जून, रविवार

जाड इबोनाइटच्या तिघांवर बसलो. निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन्हींभोवती धरायचा, एकत्र चिमटायचं आणि सरळ ओढायचं. वळवायचं अजिबात नाही.

घड्याळदुरुस्तीवाल्या काकांकडून दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि त्यांच्याकडचाच पितळेच्या पातळ पत्र्याचा तुकडा, 0.05 मिलिमीटर जाडीचा. निब समोरून धरून उजेडाकडे पाहायची. दोन्ही दात एका पातळीत हवेत आणि त्यांच्यामधून टोकापर्यंत उजेडाची एक धूसर रेघ दिसली पाहिजे. पहिल्या निबेत उजेडच नाही: दात एकमेकांना चिकटलेले, मधे कागदाचे पांढरे तंतू अडकलेले. पितळी पत्रा फटीत सरकवून भोकाकडून टोकाकडे तीनदा ओढला. निघालं ते मळकट निळं लोकरीसारखं काहीतरी. आता रेघ दिसते. दुसऱ्या निबेचा डावा दात किंचित वर होता, ते पेन कागदावर खरखरत होतं. वरच्या दाताला नखाने खाली दाबायचं, सोडायचं, पुन्हा पाहायचं. दहा वेळा केलं तेव्हा दोन्ही टोकं सारखी आली. एकदाच जोरात दाबलं असतं तर बिघडलं असतं.

तिसरं पेन अण्णांचं रोजचं. हे मी सगळ्यात शेवटी घेतलं.

निब स्वच्छ, फट बरोबर, उजेडाची रेघ जिथे हवी तिथे. शाई भरली, लिहून पाहिलं, उमटेना. आईने हातात घेतलं, तिलाही उमटेना. मग ती म्हणाली, "असं नाही, ते जरा तिरकं धरायचे," आणि पेन बोटांत डावीकडे फिरवून, मान खाली घालून टेकवलं. काळीभोर ओलसर ओळ. भिंगाखाली पाहिलं. निबेच्या टोकावर कठीण धातूचा मणी असतो. त्या मण्याच्या एका बाजूला सपाट, चकचकीत पैलू पडलाय. चाळीस वर्षं एकाच कोनात कागदावर घासून झालेला. फटीचं तोंड आता त्या पैलूतच उघडतं. अण्णांचा हात होता त्याच कोनात शाई कागदाला भेटते, बाकी कुठल्याही कोनात फट हवेतच राहते.

बारीक पॉलिशपेपरवर पाणी लावून पाच मिनिटं घासून हा पैलू गोल करता येईल. मग कुणालाही लिहिता येईल. मी कागद काढलाही. आईने नको म्हटलं नाही, फक्त पेन परत माझ्या हातात देताना तिने ते टोपण लावून दिलं. निब काढून कागदाच्या पुडीत बांधली, वर तारीख घातली. पेनाच्या दांड्यात डब्यातली सुटी निब बसवणार.

30 जून, रविवार

सुटी निब बसली, पण जिभेशी तिचं जमत नाही. बाजूने पाहिलं तर निब आणि जीभ यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट. शाई जिभेच्या चिरेतून येते आणि या पोकळीपाशी थांबते. पुढे ओढून घ्यायला तिला काही शिवतच नाही. म्हणून पेन चार शब्द लिहून कोरडं पडतं, झटकलं की परत चार शब्द. शाळेत आम्ही पेनं झटकून बाकावर आणि पुढच्याच्या शर्टावर शिंतोडे उडवायचो, त्यातल्या बऱ्याच पेनांचं दुखणं हेच असणार.

इबोनाइटची जीभ असेल तर उपाय आहे. उकळून नुकत्याच उतरवलेल्या पाण्यात निब-जिभेचा पुढचा भाग अर्धा मिनिट बुडवायचा, बाहेर काढून कापडात धरून दोन्ही एकमेकांवर दाबायच्या आणि तशाच दाबून गार पाण्याखाली धरायच्या. गरम इबोनाइट वाकतं आणि गार झाल्यावर नव्या आकारात राहतं. प्लॅस्टिकच्या जिभेला हे करू नये, ती वेडीवाकडी होते. पहिल्या वेळी अर्धी फट गेली, दुसऱ्या वेळी पूर्ण. आता जीभ निबेच्या पोटाला चिकटून आहे, मधून कागदही जात नाही.

याच कामात एक चूक झाली, लिहून ठेवतो. पाणी गरम होतंच, म्हणून दुसऱ्या इबोनाइट पेनाचं टोपण चिकट झालं होतं ते त्यात टाकलं आणि फोन आला. दहा मिनिटांनी पाहिलं तर काळं टोपण शेवाळी-तपकिरी झालेलं, गंधकाचा वास सुटलेला. जुन्या इबोनाइटवर उन्हाने आणि दमटपणाने आधीच बारीक थर बदललेला असतो. गरम पाणी लागलं की तो रंग वर येतो आणि परत जात नाही. घासून काळं करता येईल, पण टोपणावर कोरलेली अण्णांची आद्याक्षरं उथळ आहेत, घासली तर जातील. तपकिरी राहू दे. गरम पाण्यात फक्त जीभ, तीही अर्धा मिनिट, टोपण किंवा दांडा कधीच नाही.

6 जुलै, शनिवार

आट्यांतून गळती. आईसाठीचं पेन आडवं ठेवलं की दांडा आणि निबेचा भाग जिथे जुळतो तिथे निळं कडं उमटतं. ही नुसती शाई बाहेर येण्याची बाब नाही: तिथून हवाही आत जाते, म्हणजे सरबताच्या नळीवरचा अंगठा सैल झाला. मग शाई जिभेच्या ताब्यात राहत नाही, निबेतून टपकते. अण्णा आट्यांना मेण लावायचे. मी सिलिकॉन ग्रीस लावलं, आट्यांच्या खाचा भरतील एवढंच. व्हॅसलीन लावायचं नाही, रबराला ते हळूहळू खातं. घाईच्या वेळी प्लंबर नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी एक वेढा लावली तरी भागतं.

रात्रभर उलटं टांगून ठेवलं. सकाळी कोरडं.

13 जुलै, शनिवार

पेन ओकतं.

तीन दिवस सुंदर चाललं. काल शाई कमी झाली आणि ओळीच्या मधोमध टपकन एक थेंब पडला, मग दुसरा. आज पुन्हा. आटे कोरडे, जीभ बसलेली, फट बरोबर. पूर्ण भरलं की थांबतं, तळाला आलं की ओकतं. मी सकाळपासून यातच होतो आणि उत्तर धाकटीच्या पुस्तकातच निघालं: हवा तापली की फुगते.

हिशेब मांडला. या नळीत अडीच मिलिलिटर शाई मावते. अर्धा मिलिलिटर उरली म्हणजे दोन मिलिलिटर हवा आहे. खोलीत 27 अंश, हातात धरून धरून दांडा 33 अंशांपर्यंत तापला असं धरू. सहा अंशांनी हवा दोन टक्के फुगते, म्हणजे 0.04 मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. म्हणजे हाताच्या उबेने जवळजवळ एक पूर्ण थेंब निबेकडे ढकलला जातो, आणि आतल्या ओल्या हवेची वाफ वाढते ती वेगळीच. तेच पेन काठोकाठ भरलं आणि हवा पाव मिलिलिटर उरली तर ढकलली जाणारी शाई याच्या आठव्या हिश्शाएवढी, ती जिभेच्या खाचेत सहज मावते. नव्या पेनांच्या जिभेला कंगव्यासारखे दाते असतात ते अशी जास्तीची शाई साठवून घ्यायलाच. या जुन्या जिभेला दाते नाहीत, गुळगुळीत आहे.

अण्णा रोज सकाळी निघताना पेन भरायचे. काल अर्धंच संपलं असलं तरी. मला ती सवय वाटायची, पूजेसारखी. कुणाच्या खरेदीखतावर ऐन सहीच्या वर थेंब पडला तर मुद्रांकाचा कागद वाया, आणि तो कागद लोक पै पै जमवून आणायचे. ते हवा मोजत नसतील, पण थेंब कधी पडतो हे त्यांना ठाऊक होतं.

आईच्या टेबलावर ड्रॉपर आणि दऊत ठेवली. रोज लिहायला बसण्याआधी वरपर्यंत भरायचं.

17 जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

आईने नवी वही उघडली. पहिल्या ओळीला पेन दाबलं, जुनी सवय. "दाबू नकोस, नुसतं ठेव," म्हटलं. दुसऱ्या ओळीला हात सैल पडला. अकराव्या ओळीपर्यंत ती काही बोलली नाही. पूर्ण पान लिहून बोटं उघडून पाहिली आणि दुसरं पान घेतलं.

एकच अडचण: शाई फुटते. अक्षरांच्या कडांना बारीक मुळ्या फुटल्यासारखं दिसतं, मागच्या पानावरही उमटते.

21 जुलै, रविवार

शाई फुटण्यात पेनाचा दोष थोडा आणि कागदाचा जास्त. वहीचा कागद सच्छिद्र, त्यात आमच्याकडचा पावसाळा. वह्या हातात घेतल्या तरी गार ओलसर लागतात. असा कागद शाई पितो आणि आडवी पसरू देतो. मी पेन ओलं केलंय ते आईच्या अंगठ्यासाठी, ते कोरडं करणार नाही. मग कागद बदलायचा. चार वह्यांत तेच वाक्य लिहून पाहिलं. जमाखर्चाच्या जाड लांब वहीचा गुळगुळीत कागद सर्वांत चांगला, त्यावर अक्षर जिथल्या तिथे राहतं. वाळायला वेळ जास्त लागतो, म्हणून टीपकागद कापून दिला. आईला टीपकागदाचा आवाज आवडतो, म्हणजे तो दाबताना होतो तो.

शाई कॅमलची निळीच ठेवली. कॅमलिनच्या दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरुवात केली ती घोडा छापाच्या शाईच्या पुडीने आणि वड्यांनी. अण्णा शाळेत असताना पुडी दऊतीत कालवायचे, हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. पुडीची शाई बोरूला आणि टाकाला ठीक, कारण ते दर शब्दाला बुडवायचे. न विरघळलेला कण पेनाच्या चिरेत मात्र अडकतो. दोन कंपन्यांच्या शाया एका पेनात मिसळायच्या नाहीत, एक आम्लधर्मी आणि दुसरी अल्कधर्मी निघाली तर साका बसतो. आणि चित्रकलेची काळी शाई शाईपेनात कधीच नाही. तिच्यात काजळी आणि लाख असते, वाळली की जीभ कायमची बंद.

4 ऑगस्ट, रविवार

धाकटीचं बॉलपेन. ती म्हणाली, "बाबा, याचा पण दवाखाना करा." रिफिलमध्ये अर्धी शाई आहे, उमटत नाही. बॉलपेनातली शाई पातळ नसते, मधासारखी दाट असते. टोकाच्या खोबणीत एक बारीक गोळी फिरते आणि ती शाई आतून उचलून कागदावर लावते. लास्लो बिरोने 1938 च्या सुमारास हे जमवलं, ते दाट शाई घेतल्यामुळेच. इथे शाई उतरते ती आपल्या वजनाने. धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज टोक वर करून खुणा करते. शाई मागे सरकली, गोळीपाशी हवेचा बुडबुडा शिरला. रिफिल मोज्यात घालून, टोक बाहेरच्या बाजूला ठेवून हात लांब करून गरगर फिरवला, पन्नासेक फेरे. मग चपलेच्या रबरी तळव्यावर दोन रेघा ओढल्या, गोळी तापून सुटी झाली. लिहितंय.

दुसऱ्या एका पेनाच्या दांड्याला असलेलं बारीक भोक तिने चिकटपट्टीने बंद केलं होतं, शोभेसाठी. मागून हवा गेली नाही तर शाई पुढे सरकणार कशी? पट्टी काढायला सांगितली.

24 ऑगस्ट, शनिवार

मामेभावाकडे महाबळेश्वरला जायचं होतं. दोन इबोनाइट पेनं मुद्दाम बरोबर घेतली: एक काठोकाठ भरलेलं, एक अर्धं. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत, निब खाली. महाड जवळजवळ समुद्राच्या पातळीला, आणि आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. एवढ्या चढणीत हवेचा दाब सुमारे पंधरा टक्के उतरतो. नळीत सव्वा मिलिलिटर हवा असेल तर ती वर पोहोचेपर्यंत आणखी 0.2 मिलिलिटर जागा मागणार, म्हणजे चार थेंब.

वर पोहोचून पिशव्या उघडल्या. भरलेल्या पेनाच्या टोपणात नुसता निळा डाग. अर्ध्या पेनाचं टोपण उघडताच शाई बोटांवर आली, पिशवीतही ओघळली होती. परतताना दोन्ही निब वर करून खिशात उभी ठेवली. खाली उतरताना दाब वाढतो, हवा आत शिरते, त्या वेळी काही सांडलं नाही. चढताना निब वर ठेवली तर काय होतं ते पुढच्या खेपेला पाहीन. हवा आधी बाहेर पडायला वाट मिळाली तर शाई जागेवर राहायला हवी.

घरी आलो तेव्हा आई लिहायला बसली होती. ड्रॉपर तिने स्वतःच घेतला होता, दऊतीच्या कडेला टोक निथळवून, अण्णांसारखंच. शाई नळीच्या गळ्यापर्यंत आल्यावर थांबली, आटे फिरवले, टीपकागदाने निब टिपली.

शिल्लक काम: खटक्याच्या पेनाला नवी रबरी पिशवी हवी, आतल्या बोंडीचा व्यास मोजून मागवायची. तडकलेल्या चिनी पेनाची निब सुट्या भागांत. शाळेच्या दोन प्लॅस्टिक पेनांपैकी एकाचं टोपण चिरलंय, ते नीट बंद होत नाही म्हणून निब रात्रीत वाळते. तूर्त चिरेवर आतून मेण.